साखर खाली जाते तेव्हा : घराने आधीच शिकून ठेवायचा धडा



मधुमेहावरच्या व्याख्यानाला लोक येतात ते बहुतेक साखर कमी कशी करायची हे ऐकायला. आज आपण उलट्या बाजूने बोलणार आहोत. उपचार चालू असताना साखर गरजेपेक्षा खाली गेली तर काय होतं, काय करायचं, आणि हे रुग्णाला आणि त्याच्या घराला शिकवायचं कसं, हा आजचा विषय. डॉक्टर याला 'हायपोग्लायसेमिया' म्हणतात, थोडक्यात 'हायपो'. आपल्याकडे रुग्ण म्हणतात, "माझी शुगर डाऊन झाली." शब्द कुठलाही वापरा, गोष्ट एकच.

आम्ही मधुमेही रुग्णांना शिकवण्याचं काम करतो. गोळी, इन्सुलिन, डोस हे डॉक्टर ठरवतात. ते घरी गेल्यावर जेवणाच्या वेळा, उपवास, लग्नकार्य, शेतातली कामं, रात्रपाळी यांच्याशी कसं जुळवायचं, हे सांगणं आमच्याकडे येतं. या कामात सगळ्यात आधी एक अडचण लक्षात येते. साखर खाली गेली की निर्णय घ्यायचा असतो मेंदूने, आणि त्या क्षणी उपाशी असतो तोही मेंदूच. त्यामुळे "वेळ आली की बघू" हे इथे चालत नाही. वेळ येते तेव्हा बघणाऱ्याचंच डोकं चालत नसतं. काय खायचं, ते कुठे ठेवलंय, कुणाला हाक मारायची, हे सगळं आधी ठरलेलं असावं लागतं. आजचं सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवती आहे.

रक्तात साखर असते तरी किती?

आधी एक छोटा हिशेब करू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर ९० धरली, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात ९० मिलिग्रॅम, तर पाच लिटरमध्ये किती झाली? साडेचार ग्रॅम. म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा. एका वेळी अख्ख्या शरीराच्या रक्तात फिरत असते ती एवढीच साखर! ती सतत वापरली जाते आणि यकृत तिची सतत भर घालत असतं.

तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे मेंदू. वजनाने तो शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी खर्च करतो एकूण ऊर्जेच्या सुमारे वीस टक्के. स्नायू चरबीवर काम भागवू शकतात. मेंदूला ते जमत नाही आणि त्याच्याकडे साठाही नगण्य असतो. म्हणून साखर खाली गेली की पहिली बोंब तिथे उठते.

निरोगी शरीरात याला पहारे आहेत. साखर ८० च्या आसपास आली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं कमी करतं. ७० च्या जवळ आली की ग्लुकॅगॉन आणि अॅड्रेनॅलिन ही संप्रेरकं धावून येतात आणि यकृताला सांगतात, "साठवलेली साखर सोड." पण इंजेक्शनने घेतलेलं इन्सुलिन शरीराला मागे घेता येत नाही. गोळीने स्वादुपिंडाला लावलेला चाबूकही मध्येच थांबवता येत नाही. पहिला पहारा इथेच निकामी होतो.

हा धोका इन्सुलिनइतकाच जुना आहे. टोरांटोमध्ये १९२२ साली इन्सुलिन माणसांना पहिल्यांदा दिलं गेलं. ते किती जोरदार आहे हे मोजायला तेव्हा ससे वापरत. उपाशी सशाची साखर ४५ पर्यंत खाली आणणारी, म्हणजे त्याला झटके येण्याच्या पातळीला नेणारी मात्रा, हे मोजमापाचं एक सुरुवातीचं एकक होतं. आज आपण 'दहा युनिट, वीस युनिट' म्हणतो त्या युनिटची सुरुवातच अशी साखर खाली जाण्यातून झाली आहे. औषध जीव वाचवणारं आहे, आणि त्याच्या सोबत ही काळजी पहिल्या दिवसापासून आहे.

आकडा आणि लक्षणं

आता आकडे. मधुमेहावर उपचार घेणाऱ्या माणसाची साखर ७० च्या खाली गेली की उपाय सुरू करायचा. ५४ च्या खाली गेली तर गंभीर समजायचं. आणि आकडा काहीही असो, माणसाला स्वतःचं स्वतः सावरता येत नसेल, दुसऱ्याची मदत लागत असेल, तर तो सगळ्यात गंभीर प्रकार.

लक्षणं दोन टप्प्यांत येतात. पहिला टप्पा अॅड्रेनॅलिनचा : दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकदम कडकडून भूक, जिवाची घालमेल, ओठांभोवती मुंग्या. दुसरा टप्पा उपाशी मेंदूचा : अंधुक दिसणं, शब्द न सुचणं, जीभ जड होणं, चालताना तोल जाणं, विनाकारण चिडणं, हट्ट करणं, असंबद्ध बोलणं. त्याच्याही पुढे झटके आणि बेशुद्धी.

दुसऱ्या टप्प्याबद्दल जरा थांबून सांगतो. या अवस्थेतला माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो. रस्त्यात असा माणूस दिसला तर लोक लांबून जातात. घरात असेल तर भांडण होतं. बायको म्हणते, "अहो, साखर खा," आणि नवरा म्हणतो, "मला काही झालेलं नाही, तू नको शिकवूस." हे बोलतोय तो नवऱ्याचा स्वभाव नव्हे, त्याचा साखर संपलेला मेंदू बोलतोय. घरच्यांना हे आधी माहीत असलं तर ते वाद घालत बसत नाहीत. सरबताचा पेला पुढे करतात आणि "एक घोट घ्या, मग बोलू" म्हणतात. नंतर त्या माणसाला बरेचदा यातलं काही आठवतही नाही.

पंधराचा नियम

उपाय सोपा आहे. जगभर तो 'पंधराचा नियम' म्हणून शिकवतात. पंधरा ग्रॅम पटकन रक्तात उतरणारी साखर घ्यायची. पंधरा मिनिटं थांबायचं. पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तर तेच पुन्हा करायचं.

पंधरा ग्रॅम म्हणजे घरातल्या भाषेत किती? चहाचे तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून. किंवा तीन ते चार सपाट चमचे साखर पाण्यात विरघळवून. किंवा मोठा एक चमचा मध. किंवा अर्धा कप, म्हणजे सुमारे सव्वाशे मिलिलिटर, फळांचा रस किंवा साधं गोड कोल्ड्रिंक. यातलं कुठलंही एक. सगळं एकत्र नाही.

लोक इथे कुठे अडखळतात, तेही सांगायला हवं.

एक. पेढा, बर्फी, चॉकलेट, क्रीमची बिस्किटं. "गोड आहे ना, मग झालं," असं वाटतं. पण त्यात तूप, मावा, चरबी असते. चरबी पोट रिकामं व्हायला वेळ लावते आणि साखर उशिरा चढते. दुसरं काहीच नसेल तर जरूर खा, पण जवळ बाळगायची वस्तू म्हणून पेढा नको.

दोन. 'शुगरफ्री'. मधुमेह्याच्या घरात साखरेचा डबा मागे गेलेला असतो आणि पुढे असते ती गोड लागणाऱ्या पुडीची पेटी. घाईघाईत तीच पाण्यात ढवळली जाते. तिची चव गोड, पण तिच्याने रक्तातली साखर चढत नाही. डाएट कोल्ड्रिंकचंही तेच.

तीन. हे फार थोड्यांना माहीत असतं. 'व्होग्लिबोस' किंवा 'अकार्बोस' नावाचं औषध तुमच्या गोळीत आहे का, ते बघा. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोस अशी तीन औषधं एकाच गोळीत मिळतात. व्होग्लिबोसचं कामच हे, की आतड्यात साध्या साखरेचं पचन लांबवायचं. म्हणजे ग्लिमेपिराइडने साखर खाली नेली आणि तुम्ही घरातली साखर खाल्ली, तर ती लवकर रक्तात पोचतच नाही. अशा लोकांनी ग्लुकोज पावडर किंवा ग्लुकोजच्या गोळ्याच जवळ ठेवायच्या. ग्लुकोजला पचनाची गरज नसते, ते थेट शोषलं जातं. गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर दुकानदाराकडून वाचून घ्या.

चार. घाई. पंधरा मिनिटं थांबणं हा या नियमातला सगळ्यात अवघड भाग आहे. जीव कासावीस झालेला असतो, भूक प्रचंड असते, हाताला लागेल ते खाल्लं जातं. मग दोन तासांनी साखर ३०० आणि मनात अपराधीपणा. ज्याने हे अनुभवलंय त्याने स्वतःला दोष देऊ नये, ती भूक खरीच असते. पण रक्तात एकूण चमचाभरच साखर असते हा मघाचा हिशेब आठवा. तीन चमचे बहुतेक वेळा पुरतात, त्यांना आतड्यातून रक्तात यायला वेळ मात्र द्यावा लागतो.

साखर ७० च्या वर आली आणि पुढचं जेवण तासाभरापेक्षा लांब असेल, तर अर्धी भाकरी, एखादी पोळी किंवा दूध आणि दोन साधी बिस्किटं असं काही खाऊन घ्या. नाहीतर औषधाचा अंमल बाकी असेल तर ती पुन्हा घसरते.

ग्लुकोमीटर जवळ नसेल तर? तर लक्षणांवर विश्वास ठेवा आणि साखर घ्या. मशीन शोधण्यात दहा मिनिटं घालवू नका. नसताना तीन चमचे साखर घेतली तर थोडी वाढेल, उतरेल. असताना घेतली नाही तर नुकसान फार मोठं आहे. आणि तपासण्याआधी हात धुवा. आंबा कापलेल्या, गूळ फोडलेल्या बोटावर साखर चिकटलेली असते. तिच्यामुळे मशीन खोटा चढा आकडा दाखवतं आणि खरा हायपो लपून जातो.

माणूस शुद्धीवर नसेल तर

इथे एकच गोष्ट पाठ करा : गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, सरबत नाही, साखरही नाही. ते श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरू शकतो. माणसाला एका कुशीवर वळवा, तोंड जमिनीच्या बाजूला किंचित झुकलेलं ठेवा, आणि १०८ ला फोन करा. "डायबेटीसचा पेशंट आहे, इन्सुलिन चालू आहे, बेशुद्ध आहे," हे तीन मुद्दे सांगा. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज देतात आणि बहुतेक वेळा माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो. ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन घरच्यांनाही देता येतं, पण ते जवळच्या दुकानात मिळेलच असं नाही. टाइप १ असलेल्या मुलांच्या पालकांनी त्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावं.

आणखी एक. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांमुळे साखर फार खाली गेली असेल, तर शिरेतून ग्लुकोज दिल्यावर माणूस उठून बसतो आणि घरचे म्हणतात, "आता बरे आहेत, घरी नेतो." नेऊ नका. या गोळ्यांचा अंमल चोवीस तास किंवा त्याहून जास्त राहू शकतो, आणि रात्री साखर पुन्हा कोसळू शकते. डॉक्टर 'थांबा' म्हणतात त्याला हे कारण आहे.

कुणाला धोका, आणि का होतं?

मधुमेहाच्या सगळ्याच औषधांनी साखर अशी खाली जात नाही. नुसती मेटफॉर्मिन किंवा नुसत्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका फार कमी. धोका मुख्यतः इन्सुलिनचा, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटाचा. आपल्या चिठ्ठीत यातलं काही आहे का, हे प्रत्येकाला माहीत असायला हवं.

कारणं बहुतेक साधी असतात. गोळी घेतली आणि जेवण लांबलं. इन्सुलिन टोचलं आणि पाहुणे आले. उलट्या-जुलाब झाले, पण गोळी चालू राहिली. नेहमीपेक्षा जास्त चालणं झालं. आळंदीहून पंढरपूरला सुमारे २५० किलोमीटर चालत जाणारे वारकरी घ्या. घरी बैठं काम करणारा माणूस रोज दहा-पंधरा किलोमीटर चालायला लागला आणि डोस तोच राहिला, तर साखर खाली जाणारच. मेहनतीचा परिणाम रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो, कारण दमलेले स्नायू आपला रिकामा झालेला साठा रक्तातूनच भरून काढतात. वारीला जाण्यापूर्वी डोसबद्दल डॉक्टरांशी बोलायचं आणि ग्लुकोजची पुडी कमरेच्या पिशवीत ठेवायची, सामानाच्या ट्रकमध्ये नाही.

दारू हे आणखी एक कारण. यकृत दारूचा निचरा करण्यात गुंतलं की नवी साखर बनवायचं काम मागे पडतं. रिकाम्या पोटी प्यायलेल्या माणसाची साखर पहाटे खाली जाते, आणि सगळे समजतात की अजून चढलेलीच आहे.

इन्सुलिनच्या सिरिंजचा घोळ तर आपल्या देशात विशेष लक्षात ठेवण्यासारखा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० ताकदीचं असतं. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या काडतुसातलं इन्सुलिन १०० ताकदीचं. त्याला सिरिंज वापरायचीच झाली तर नारिंगी टोपणाची. प्रवासात पेन बिघडलं आणि कुणी काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात वीस नाही, पन्नास युनिट जातात. अडीचपट! बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे दर वेळी बघायची सवय लावा.

आणि मूत्रपिंड. हा मुद्दा घरातल्या ज्येष्ठांसाठी. वर्षानुवर्षं तोच डोस, तेच जेवण, आणि अचानक साखर कमी यायला लागते. घरात आनंद होतो, "बाबांची शुगर सुधारली!" पण इन्सुलिनचा आणि यातल्या काही गोळ्यांचा निचरा मूत्रपिंडातून होतो. मूत्रपिंड मंदावलं की तेच औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. कारण नसताना साखर खाली यायला लागली तर आनंद मानण्याआधी क्रिएटिनिन तपासून घ्या.

इशाराच हरवतो तेव्हा

वारंवार साखर खाली जाणाऱ्या लोकांमध्ये एक विचित्र गोष्ट घडते. शरीराला त्याची सवय होते. अॅड्रेनॅलिनचा पहिला टप्पा, म्हणजे घाम, थरथर, धडधड, हळूहळू येईनासा होतो. माणूस सरळ दुसऱ्या टप्प्यात जातो. तो अभिमानाने सांगतो, "माझी पन्नास झाली तरी मला काही होत नाही." खरं म्हणजे त्याची धोक्याची घंटा बंद पडलेली असते. रक्तदाबासाठी घेतलेल्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्याही धडधड आणि थरथर झाकतात, घाम मात्र बहुधा येतोच.

चांगली बातमी अशी, की दोन-तीन आठवडे साखर एकदाही खाली जाऊ दिली नाही, तर ही घंटा बऱ्याच जणांत पुन्हा वाजायला लागते. त्यासाठी डॉक्टर काही काळ साखर थोडी वरच ठेवायला सांगतील. ते हलगर्जीपणाने नव्हे, उपचार म्हणूनच.

रात्रीचा प्रश्न वेगळा. टाइप १ रुग्णांवर अमेरिकेत आणि कॅनडात झालेल्या आणि १९९३ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की साखर काटेकोर ठेवल्याने डोळे, मूत्रपिंड, नसा वाचतात, पण साखर गंभीररीत्या खाली जाण्याचं प्रमाण तिप्पट होतं. त्यातल्या निम्म्याच्या आसपास घटना झोपेत घडल्या होत्या. पहाटे उशी घामाने भिजलेली असणं, भयंकर स्वप्नं, सकाळी डोकं जड, ही रात्रीच्या हायपोची चिन्हं असू शकतात. अशा वेळी आठवड्यातून एक-दोनदा रात्री तीनला तपासून डॉक्टरांना आकडे दाखवा.

आणि २००८ साली टाइप २ रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासात साखर अतिशय काटेकोर ठेवण्याचा गट मध्येच थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू जास्त झाले. त्याचं नेमकं कारण कोणतं, यावर बरीच चर्चा झाली. पण तेव्हापासून सत्तरी ओलांडलेल्या, हृदयविकार असलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाचं लक्ष्य तिशीतल्या तरुणाइतकं कडक ठेवायचं नाही, ही समज पक्की झाली. आजीचं एचबीएवनसी साडेसात-आठ असेल तर नातवाने इंटरनेट बघून घाबरू नये.

शिकवायचं कसं?

आता आमच्या कामाचा भाग. समोर बसलेल्यांमध्ये परिचारिका, आशाताई, औषध दुकानदार असतील, त्यांनाही उपयोग होईल.

पहिली गोष्ट, "कळलं का?" असं विचारायचं नाही. आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंच असतं. मान ठेवायचा म्हणून, वेळ वाचवायचा म्हणून. त्याऐवजी विचारायचं, "आजी, समजा रात्री अकरा वाजता तुम्हाला दरदरून घाम फुटला. घरात सगळे झोपलेत. तुम्ही कुठला डबा उघडाल?" मग खरं चित्र दिसतं. डबा वरच्या फळीवर असतो. आजींच्या गुडघ्यांना स्टूलवर चढणं झेपत नाही. झाकण घट्ट असतं. साखर घरात आहे, पण त्या घटकेला ती आजींची नाही. मग ठरतं, की उशाशी छोट्या बाटलीत ग्लुकोज आणि शेजारी पाण्याचा तांब्या. आजींकडून ते झाकण आमच्यासमोर उघडून घेतो. पावडर मोजायला लावतो. तोंडाने सांगणं आणि हाताने करणं यांत फार फरक आहे.

दुसरी गोष्ट, वर्षानुवर्षं ज्याला "गोड विष आहे" असं सांगितलंय, त्याच्या हातून साखर तोंडात जात नाही. थरथरत बसेल, पण साखर खाणार नाही, सुनेला कळलं तर ओरडेल म्हणून. म्हणून हे सगळ्या घरासमोर सांगावं लागतं, की या वेळेला साखर म्हणजे औषध आहे. औषध घेताना कुणाची परवानगी लागत नाही.

तिसरी गोष्ट, आणखी एक माणूस. घरात एक, कामावर एक. शाळेतल्या मुलाचे वर्गशिक्षक. रिक्षा चालवणारा असेल तर स्टँडवरचा मित्र. "मी विचित्र बोलायला लागलो तर मला सरबत पाज, आणि मी नाही म्हटलं तरी सोडू नकोस," एवढं एक वाक्य त्याला सांगून ठेवायचं. खिशात एक कार्ड, त्यावर नाव, औषधं आणि घरचा फोन.

चौथी, प्रत्येक हायपोनंतर वहीत एक ओळ : वेळ, आकडा, आधी काय खाल्लं होतं, काय काम केलं होतं. तीन ओळी जमल्या की डॉक्टरांना डोस बदलायला आधार मिळतो. मनाने इन्सुलिन बंद करायचं नाही. टाइप १ मध्ये तर कधीच नाही. एका हायपोच्या धास्तीने कायम साखर चढी ठेवणारेही असतात. त्यांची भीती समजून घ्यायला हवी, पण तिच्यावर उपाय डोस नीट करून घेणं हा आहे.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : मला घाम येतो, थरथरतं, पण मशीन ११० दाखवतं. हे काय?*

साखर खूप दिवस अडीचशे-तीनशे असेल तर शरीराला तीच पातळी सवयीची होते. उपचाराने ती उतरायला लागली की ११० ला सुद्धा लक्षणं येतात. हात धुऊन पुन्हा तपासा. आकडा खरा असेल तर साखर पिऊ नका, साधं काही खा आणि थोडं बसा. काही आठवड्यांत हे कमी होतं. हृदयविकारातही घाम येतो, म्हणून छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर थांबू नका, दवाखाना गाठा.

*प्रश्न : आईची संकष्टी चुकत नाही. चंद्रोदयापर्यंत काही खात नाही. गोळी ग्लिमेपिराइडची आहे.*

उपवास करू नका असं आम्ही सरसकट म्हणत नाही. म्हटलं तर लोक आमच्यापासून लपवून करतात. आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची गोळी कमी करायची, पुढे ढकलायची की टाळायची ते लिहून घ्या. संकष्टीला चंद्र उशिरा, रात्री नऊच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे दिसतो. म्हणजे दिवस फार लांब. दुपारी आणि संध्याकाळी तपासा. ७० च्या खाली गेलं तर उपवास तिथेच सोडायचा, हे आईशी आधी बोलून ठेवा. ऐनवेळी ती ऐकणार नाही. रमजानचे रोजे ठेवणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

*प्रश्न : मी रोज मोटरसायकलने कामाला जातो. इन्सुलिन चालू आहे.*

निघण्यापूर्वी तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खा, मग निघा. वाटेत काही जाणवलं तर गाडी कडेला घ्या, बंद करा, ग्लुकोज घ्या. आकडा नीट आल्यावरही पाऊण तास गाडी चालवू नका. मेंदू आकड्यापेक्षा उशिरा भानावर येतो. ग्लुकोज खिशात ठेवा, डिकीत नको.

*प्रश्न : दंडावर लावायचा सेन्सर घेतला तर हे सगळं करायची गरज नाही ना?*

सेन्सर फार उपयोगी आहे, विशेषतः रात्री आणि ज्यांची घंटा बंद पडली आहे त्यांना. पण तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि ती रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असते. साखर वेगाने पडत असेल तर सेन्सर बरा आकडा दाखवत असताना तुम्हाला लक्षणं येतील. तेव्हा बोटातून तपासा, आणि ते जमण्यासारखं नसेल तर साखर घेऊन मोकळे व्हा. अलार्म वाजल्यावर उठून ग्लुकोज देणारं माणूस मात्र घरातच लागतं.

वेळ संपत आली. घरी गेल्यावर एक काम करा. ज्यांना मधुमेह आहे त्यांना विचारा, "आत्ता या क्षणी तुमची साखर खाली गेली, तर हात पोचेल अशा जागी काय आहे?" उत्तर द्यायला त्यांना शोधावं लागलं, तर आजच रात्री झोपायच्या आधी ती बाटली भरून उशाशी ठेवा.